वीस मिनिटांचं कडं

४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

१. शनिवारी मी घड्याळ घेतलं.
२. तुम्ही तीन पत्रांत नको म्हणालात, तेच घेतलं.
३. ते ऑटोमॅटिक आहे. बॅटरी नाही, चावी द्यावी लागत नाही. हात हलला की चालतं.
४. पाणबुडे वापरतात त्या धर्तीचं आहे. जाड काच, अंधारात दिसणारे काटे, तबकडीभोवती फिरतं कडं.
५. किंमत माझ्या खोलीच्या एका महिन्याच्या भाड्याहून कमी.
६. भेट कुणाला द्यायची आहे, असं दुकानदाराने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी मनगट पुढे केलं.

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही स्वतःच रचता.

डिसेंबरपासून मी तेलाच्या टाक्यांच्या कामावर आहे. टाकी रिकामी झाली की माणूस आत उतरून गाळ काढतो. मी वर मॅनहोलपाशी असते. आधी आतली हवा मोजते, मग माणूस उतरला की वेळ मोजते. वीस मिनिटं झाली की दोराला दोन झटके देऊन त्याला वर बोलवायचं. ठिणगीच्या भीतीने फाटकाच्या आत हवा मोजायचं खास यंत्र सोडलं तर फोन किंवा बॅटरीचं काहीच नेता येत नाही. या घड्याळाचं सोपं आहे. माणूस उतरला की कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. काटा कड्यावर विसावर आला, की वीस झाली. डोक्यात वजाबाकी नको.

माझ्याआधी या जागेवर बाई बसलेली नाही. पहिल्याच दिवशी सुपरवायझरने विचारलं की ऑफिसात पंख्याखाली काय वाईट होतं. मी म्हटलं, पंखा.

आईला नमस्कार. तुमचा लोभ असेलच. राग असेल तर तो पत्रात लिहा, जेवणावर काढू नका.

तुमची,
टिकटिक


८ फेब्रुवारी

चि. टिकटिक हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. पंख्याच्या वाक्याला ती इतकी हसली की मला पुढचं थांबवावं लागलं. मला हसू आलं नाही, हे नोंदवून ठेव.

पस्तीस वर्षं मी लोकांची घड्याळं उघडली. दुकानात माझ्या स्टुलाखाली बसून तू टिकटिक टिकटिक करत राहायचीस, म्हणून हे नाव पडलं. आणि त्या पोरीने बापाला न दाखवता घड्याळ घेतलं! तेही पाणबुड्याचं! बादलीत पाय बुडवताना ओरडून आळी गोळा करायचीस तू. काम तेलातलं आणि घड्याळ पाण्याचं, असा हिशेब कोणत्या कॉलेजात शिकवतात?

तुझ्या आईचं चावीचं घड्याळ मी साफ करून, तेल देऊन तुझ्यासाठी काढून ठेवलं होतं. बॅटरी त्यातही नाही. आई म्हणते, त्याचे काटे तिला स्वतःला कधी दिसले नाहीत, ते पोरीच्या गळ्यात कशाला मारता. या घरात मला एक मत आहे आणि ते मोजलं जात नाही.

एक मात्र चेष्टा सोडून लिहितो. हल्ली कमी पैशांत यंत्र बरं मिळतं, हे मान्य. पण कंजुषी कुठेतरी होतेच, आणि अशा घड्याळात ती कड्याखालच्या स्प्रिंगमध्ये होते. जपून वापर. ऑफिसातली जागा अजून रिकामी असेल तर तिचाही विचार कर. भोकाच्या तोंडाशी बसलेली मुलगी डोळ्यांसमोर आली की मला झोप लागत नाही.

प्रकृतीला जप आणि या म्हाताऱ्याची कटकट गोड मानून घे.

तुझे बाबा


१३ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

सोबतच्या डबीत घड्याळ पाठवते आहे. शेवटपर्यंत वाचून मग उघडा.

सोमवारी आत पैलवान होता. सगळे त्याला पैलवान म्हणतात. वजन माझ्याहून कमी आहे. तो उतरला, मी कड्याची खूण लावली. काटा कड्यावर विसावर आला तेव्हा मी दोराला दोन झटके दिले. तो वर आला, धडधाकट. सुपरवायझर माणूस उतरल्याची वेळ ऑफिसच्या घड्याळावरून फळ्यावर खडूने लिहितो. फळ्याप्रमाणे तेराच मिनिटं झाली होती.

एकदा वर आलेल्या माणसाला तासाभराच्या विश्रांतीशिवाय परत उतरवता येत नाही. तेवढ्यात आतली हवा बिघडली, टाकी बंद करावी लागली आणि पूर्ण दिवस वाया गेला. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला की जत्रेतल्या खेळण्यावर टाकी चालत नाही, आणि बाई घाबरली की घड्याळही घाबरतं.

आता माझ्यापुढे कागद ठेवला आहे. त्यात लिहिलंय की मी घाबरून चुकीचा इशारा दिला. सही केली तर ऑफिसात बदली. नाही केली तर गुरुवारी, २८ तारखेला, चौकशी समिती. त्यांनी काढायचं ठरवलं तर नोकरीच जाईल.

मी घाबरले नव्हते. माझा संशय फळ्यावर आहे. याआधी दोनदा मी त्यावरची वेळ मागाहून बदललेली पाहिली आहे. पण मी घड्याळ पाहिलं, उतरण्याची वेळ वहीत लिहिली नाही. ही माझी चूक. म्हणून तुमच्याकडे येते आहे. हे घड्याळ पुढे धावतं का, ते तपासून लिहा. माझ्या बाजूचं लिहू नका. खरं निघेल ते लिहा.

आईला हे सगळं सांगा. तिला अर्धवट कळलं तर ती पहिली गाडी पकडेल.

तुमची,
टिकटिक


१९ मार्च

चि. टिकटिक हिस,
अनेक आशीर्वाद.

घड्याळ तीन दिवस तपासलं. तोंड वर, तोंड खाली, चारही बाजूंवर उभं. दिवसाला नऊ सेकंद पुढे जातं. या किमतीत हे मला अपेक्षित नव्हतं. यंत्राला दोष नाही.

पुढचं लिहायला जिवावर येतं. कड्याच्या कडेला हिरव्या रंगाचा ओरखडा आहे. तुमच्या मॅनहोलची कड हिरवी असणार. मी लोखंडी खलाच्या काठावर घड्याळ तसंच आपटून पाहिलं. एका धक्क्यात कडं दोन-तीन घरं सरकलं. एक घर म्हणजे अर्धं मिनिट. आत डोकावताना तुझा हात पाच-सहा वेळा काठावर टेकला असेल, तर सात मिनिटं सहज गेली. त्या दिवशी फळा बरोबर होता, पोरी. कडं चुकलं.

आणखी एक. ते उलटं फिरवायचा मी खूप प्रयत्न केला, अंगठा सोलवटला, पण ते हललं नाही. ते एकाच बाजूला सरकतं, आणि त्या बाजूला सरकलं की झालेली वेळ जास्तच दाखवतं, कमी कधीच नाही. बनवणाऱ्याला ठाऊक होतं की हे धक्के खाणार. कोणत्या बाजूला चुकायचं, तेवढं त्याने ठरवून ठेवलंय. उगाच खेळणं म्हणालो.

आता माझं ऐक. दुकानाचे जुने छापील कागद अजून आहेत. त्यावर मी एवढंच लिहून देतो की हे घड्याळ दिवसाला फक्त नऊ सेकंद पुढे जातं. त्यात खोटं काही नाही. कड्याबद्दल समितीला कोण विचारणार? तुझी नोकरी वाचेल. किंवा सही कर, ऑफिसात बस, आईचं घड्याळ घाल. दोन्हीत माझा जीव भांड्यात पडेल.

नवी स्प्रिंग बसली की कडं घट्ट होईल. पण दोन वर्षांत मी चिमटा धरलेला नाही, हात थरथरतो. तिथेच कुणाकडून तरी करून घे.

तुझे बाबा

ता. क. मी, आई. यांनी तीन दिवस डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. जेवायला हाक मारली तर म्हणतात, थांब, पोरगी आत आहे. तुझं तू ठरव. घाबरली होतीस असं मात्र कुणाला लिहून देऊ नकोस. तुला घाबरलेली मी पाहिली आहे; तेव्हा तू दोर ओढत नाहीस, पळतेस.


२१ मार्च

ती. बाबांना आणि सौ. आईला,
सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. सही करणार नाही. अर्धं पत्रही नको.

समितीपुढे मी हे सांगणार आहे: कडं सात मिनिटं सरकलं होतं, आणि मी उतरण्याची वेळ लिहिली नव्हती. त्या दिवशी फळा बरोबर होता. माझा संशय चुकीचा होता, तोही मागे घेते. मी घाबरले नव्हते. माझ्यासमोर वीस मिनिटं दिसत होती, म्हणून दोर ओढला. पुन्हा वीस दिसली तर पुन्हा ओढेन, आणि टाकीचा दिवस गेला म्हणून माफी मागणार नाही. कडं चुकलं तर माणूस लवकर वर येतो. फळ्यावरचा खडू बाहीने पुसला जातो आणि दोन्हीकडे चुकतो. यापुढे वेळ वहीतही लिहावी आणि त्यावर उतरणाऱ्याची सही असावी, अशी मागणी मी लेखी देते आहे. एवढ्यावर काढायचं असेल तर काढोत. कागदावर कारण खरं लागेल.

पैलवानाला मी कड्याचं खरं ते सांगितलं. चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला की सात मिनिटं आधी आलो तर चहा लवकर मिळतो. सात मिनिटं उशिरा आलो असतो तर तो दुसऱ्या कुणाला प्यावा लागला असता. माझ्या मागणीवर पहिली सही त्याने केली. आता सात सह्या आहेत.

बाबा, तुम्ही ‘उगाच खेळणं म्हणालो’ असं लिहिलंत. ते सुपरवायझर म्हणाला होता. तुम्ही स्प्रिंग सांभाळ म्हणाला होतात आणि मी ऐकलं नाही. हेही नोंदवते.

हात थरथरत असेल. पण तीन पानांच्या पत्रात तुमची एकही ओळ वाकडी नाही, मी पट्टी लावून पाहिली. इथे कुणाकडून करून घेणार नाही. स्प्रिंग तुम्हीच बसवा. हिरवा ओरखडा घासून काढू नका. समितीला तो दाखवायचा आहे. आईचं घड्याळ आईच्या कपाटातच सुखात राहू दे.

छापील कागदावर सगळं लिहा: नऊ सेकंद, कडं, सात मिनिटं, ते कोणत्या बाजूला सरकतं आणि कोणत्या नाही. खाली तुमची सही आणि घड्याळजी म्हणून किती वर्षं काम केलंत तो आकडा.

माया आहे तेवढीच राहू द्या, काळजी थोडी कमी करा.

समिती गुरुवारी सकाळी आहे. घड्याळ आणि पूर्ण पत्र बुधवारी, २७ तारखेला, माझ्या हातात पडेल असं पाठवा. जमणार नसेल तर तेही बुधवारच्या आत कळवा.

तुमची,
टिकटिक