राजरत्नच्या नावाने

शनिवार, ७ जून २००८

घरी ब्रॉडबँड आलं. एजन्सीत काम करते म्हणून स्टाफ कनेक्शन मिळालं, नाहीतर अंबरनाथ पश्चिमेत अजून महिनाभर नंबर लागत नाही. काउंटरवर दिवसभर मी लोकांना सांगत असते — आता टीव्ही फोनच्या वायरीतून येणार, चुकलेला भाग पुन्हा बघता येणार, मॅच थांबवून चहा ठेवता येणार. आज आईला तिची चुकलेली मालिका लावून दिली. चित्र दोन मिनिटं चालायचं, मग एक मिनिट गोल फिरत बसायचं. आई म्हणाली, "हिला दम लागतो वाटतं." बाबा हसले. ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून बाबा फारसे हसत नाहीत.

राजरत्नने वेबकॅम आणलाय. माझा धाकटा भाऊ, सत्तावीसचा, आनंदनगरच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. जन्मापासून ऐकू येत नाही. कॅमेरा कशाला, हे विचारायचं तर ओठ मोठे हलवा, खुणा करा, पुन्हा सांगा. कंटाळा आला. नाही विचारलं.

शुक्रवार, १३ जून

कळलं कशाला ते.

घरी आले तर तो कॉम्प्युटरसमोर बसून हातांनी बोलत होता. पडद्यावर एक मुलगी, निळी ओढणी, तीही हातांनी. इतकं भरभर! मध्येच चित्र अडकायचं, तिचे हात हवेत तसेच राहायचे. हा मांडीवर बोटं वाजवत थांबायचा. ती पुन्हा हलायला लागली आणि काहीतरी म्हणाली, तसा हा हसला. तोंड उघडून, मोठ्याने. आई स्वयंपाकघरातून धावत आली, काय पडलं म्हणून.

आमच्याशी त्याचं बोलणं म्हणजे जेवण, डबा, छत्री, दार. मी बराच वेळ मागे उभी होते. एक अक्षर कळलं नाही.

रविवार, १३ जुलै

तिचं नाव मनाली. नाशिकची, कुरियरच्या ऑफिसात टायपिंग करते. तिलाही ऐकू येत नाही. राजरत्नने तिचा फोटो छापून आणला आणि आईच्या हातात ठेवला. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

आई रडायलाच लागली. "दोघांनाही ऐकू येत नाही. पोर रडलं तर ऐकायचं कुणी?" बाबांनी लगेच बदलापूरचं स्थळ काढलं. बकुळा म्हणून मुलगी आहे, ऐकणारी, बोलणारी. "चार माणसांत याच्या वतीने बोलेल तरी." राजरत्न बाबांच्या ओठांकडे बघत होता. किती समजलं कोण जाणे. मान मात्र ठाम हलवली — नाही.

नंतर आईने मला बाजूला घेतलं. "अस्मे, त्या मशीनमधलं तुलाच कळतं. काहीतरी कर."

मंगळवार, ५ ऑगस्ट

केलं.

बुधवार, ६ ऑगस्ट

लिहूनच टाकते, म्हणजे उद्या मला ते वेगळं आठवायला नको.

त्याचा आयडी मीच काढून दिलेला. पासवर्डही मीच ठेवलेला, त्याने कधी बदलला नाही. तो कामावर गेल्यावर मी उघडलं आणि त्याच्या नावाने मनालीला लिहिलं — 'माझे लग्न ठरले आहे. यापुढे संपर्क करू नये. राजरत्न.' पाठवलं. मग तिला ब्लॉक केलं, यादीतून नाव काढलं. पाच मिनिटं लागली नसतील. चहा केला. प्यायला गेला नाही.

आईला सांगितलं, झालं. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. तो हात नको वाटला.

सोमवार, ११ ऑगस्ट

तो रोज सात वाजता धुतलेला शर्ट घालून बसतो. पडदा रिकामा. आज त्याने माझ्याकडे बघून कॉम्प्युटरवर टिचकी मारली, हात पसरले — बिघडलाय? मी मान हलवली, हो. खिडकीतून येणारी वायर दाखवली. लाइन खराब. रोज गिऱ्हाइकांना सांगते तेच, त्याच चेहऱ्याने.

गुरुवार, ४ सप्टेंबर

एजन्सीत टीव्हीच्या नव्या बॉक्सचा डेमो. खुर्च्या कमी पडल्या. गेल्या वर्षी लोक ब्रॉडबँड म्हणजे काय विचारायचे, आता स्पीड विचारतात. साहेब म्हणाले, "पब्लिकला काय पाहिजे? पिक्चर, मॅच, सीरियल." उल्हासनगरचे एक कापडवाले शेठ म्हणाले, "वो सब ठीक आहे, पण ते कॅमेऱ्यावर बोलायचं कशाला? बात करने को फोन आहे ना."

सगळे हसले. मीही हसले. आमच्या पत्रकावर बरीच माणसं छापली आहेत — आजोबा, सून, क्रिकेट बघणारी पोरं. फोनवर बोलूच शकत नाही असं कुणी नाही. आणि असा एक ज्या घरात होता, तिथलं मी बंद पाडलं.

बुधवार, १ ऑक्टोबर

सांगायचं ठरवलं. कागदावर लिहिताही आलं असतं, साधी वाक्यं तो वाचतो. दोनदा लिहून फाडलं. कागद पुढे सरकवायचा आणि आपण उठून जायचं — मी तेच केलं असतं. त्याच्या तोंडाकडे बघून सांगायचं तर त्याच्याच बोलीत सांगायला हवं.

संजीवनीकडे गेले, उल्हासनगरला. तिचा नवरा मिलिंद राजरत्नचा शाळेपासूनचा मित्र, त्यालाही ऐकू येत नाही. ही ऐकणारी, पण हातांनी सहज बोलते. म्हटलं, "मला शिकवशील?"

"आत्ता आठवण झाली होय, ताई?" ती म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढली. दर शनिवारी ये म्हणाली.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज नावं शिकवली. त्यांच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. राजरत्नचं म्हणजे कपाळावरची बट मागे सारायची. मी विचारलं, माझं काय? संजीवनीने मिलिंदकडे बघितलं. मिलिंदने करून दाखवलं — एका पंजाने दुसऱ्या हाताच्या पाठीवर फटका.

कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

तो सहा वर्षांचा होता, मी अकराची. शाळेतल्या बाईंनी आईला सांगितलं होतं, हातवारे करू देऊ नका, हात थांबले की तोंड उघडेल. आईला घरकाम, तेव्हा ते माझ्याकडे आलं. पाणी हवं तर 'पाणी' म्हण. हात उचलला की लाकडी पट्टी. तो 'पा' म्हणायचा. पुढचं यायचंच नाही. मी ग्लास मागे धरून उभी राहायचे.

आजवर म्हणत आले, बाईंनी सांगितलं तेच केलं. पण मला ते आवडायचं. हे मी कुठे लिहिलं नव्हतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मी. लिहिलं. तिला. तू नाही. खोटं. एवढ्याच खुणा मागून घेतल्या. संजीवनीने माझी बोटं धरून पुन्हापुन्हा करून घेतलं. कुणाला सांगायचंय, कशाबद्दल, काही विचारलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज सांगणार होते. बदलापूरची मंडळी आली. राजरत्न चपला घालून बाहेर निघून गेला. राहिलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज तो कुठेच गेला नाही. दोनदा येऊन माझ्यासमोर बसला. मी मेथी निवडत होते. हात पुसून सुरू करायचं, इतकंच होतं. दुसऱ्यांदा तो बराच वेळ बसला. मग उठला. मी मेथीची दुसरी जुडी सोडली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सांगितलं.

तो दाराला टेकून उभा होता. 'खोटं'ला माझा हात चुकला, तर त्याने बोट धरून नीट केलं. रागावला नाही, रडला नाही. वाटलं, समजलंच नाही. म्हणून पुन्हा सांगितलं. तेव्हा त्याने माझे दोन्ही हात धरून खाली केले. पुरे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

संजीवनी आली होती. राजरत्न सांगत होता, ती मला बोलून दाखवत होती. मनालीने दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं — राजरत्न 'यापुढे' असं लिहीत नाही. तिने मिलिंदला कळवलं, तेव्हापासून दोघं मिलिंदकडच्या कॉम्प्युटरवर बोलतात. ते कनेक्शन आमच्याच एजन्सीचं. फॉर्म मी भरलेला.

मग इथे रोज सातला का बसायचास? हे मी विचारलं, माझ्या हातांनी.

तू सांगशील म्हणून.

गेल्या सोमवारी ठाण्याला त्यांचं लग्न झालं. नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. मिलिंद, संजीवनी, आणि तिसरी मी. रविवारपर्यंत माझी जागा ठेवली होती. शेवटी बाहेरच्या झेरॉक्सवाल्याची सही घेतली.