चकत्या मी आवळल्या

मी, सावित्री दत्तात्रेय शिगवण, वय चौऱ्याहत्तर, राहणार खेड, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कुणी भरीस घातलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. कमरेचे हाड मोडल्यापासून दीड वर्ष मी मागच्या खोलीत खाटेवर आहे. उशाशी स्वेटर विणायचे मशीन आहे. दोघे एकाच खोलीत अडकलो आहोत, ते निदान गंजले तरी बोलत नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर आणि परड्यातली आंब्याची सात कलमे माझा मुलगा उन्मेष याला मिळावीत. तो मुंबईला असतो, गणपतीला आणि शिमग्याला येतो. घर त्याच्याच नावावर करते, म्हणजे कौले फुटली की त्यालाच यावे लागेल. आजवर "दीपाली बघेल" म्हणून त्याचे भागले. दीपाली त्याची बायको आहे, वॉचमन नव्हे.

कलम २. माझी नणंद कमला, राहणार मालगुंड, हिला कपाटातला तपकिरी स्वेटर द्यावा. तिच्यासाठी विणला, तर उन्मेषच्या साखरपुड्यात सगळ्यांसमोर म्हणाली, "वैनी, टोचतोय गो!" तेव्हापासून तो तसाच घडी घालून ठेवला आहे. आता टोचला तर तक्रार ऐकायला मी नसेन.

कलम ३. मशीनविषयी लिहायचे तर आधी ते कसे आले ते सांगायला हवे. मी केळशीची. लग्नानंतर पाच वर्षे यजमान मुंबईत गिरणीत आणि मी इथे सासूजवळ. १९८४ साली मी हट्टच धरला, मला मुंबईला न्या. यजमान आले ते हे मशीन घेऊन. म्हणाले, "मुंबयत येऊन काय करणार तू? घर कोण बघल? हे घे, घरबसल्या काम." मी बसले. रत्नागिरी जिल्ह्यात थंडी ती किती, पण शाळांना गणवेशात स्वेटर लागतोच. सकाळी मुले घालतात, दहा वाजता कमरेला बांधतात. त्यावर माझे आयुष्य गेले. यजमानांना मी ते कधी माफ केले नाही. माणूस वाईट नव्हता, तरी नाही.

कलम ४. हे कलम लिहायला मला अकरा दिवस लागले.

मशीनमध्ये लोकर आपोआप जात नाही. कोनावरून, म्हणजे शंकूसारख्या रिळावरून, ती वर तारेच्या आकड्यात जाते, तिथून दोन छोट्या चकत्यांमधून सरकून खाली सुयांवर उतरते. चकत्या किती दाबायच्या हे बाजूच्या चाकीवर ठरते, अंक मोठा तितक्या त्या घट्ट. लोकर मोकळी आली तर टाके मोकळे पडतात, कापड मऊ होते, ताणले तर ताणते. चकत्या आवळल्या की लोकर ओढून घ्यावी लागते, टाका लहान पडतो, कापड अरुंद आणि ताठ होते. आमच्याकडच्या दमट हवेत तर लोकर आधीच अडते, म्हणून कोनाला मेण लावतो. पण आवळलेले कापड मशीनवर असताना ओळखू येत नाही. खाली वजने लटकलेली असतात, ती त्याला ओढून लांब ठेवतात. काढून धुतले, की ते आपल्या खऱ्या मापाला येते.

दीपालीला हे सारे मीच शिकवले. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला होता. २०१३ साली तिने एका शाळेची साठ मरून स्वेटरांची ऑर्डर स्वतः जाऊन आणली. ती नीट पार पडली की रत्नागिरीत गाळा घ्यायचा, माझ्या नातीला, आर्याला, तिथल्या शाळेत घालायचे, असे तिने ठरवले होते. उन्मेषही हो म्हणाला होता. मला कुणी विचारले नव्हते. मी या घरात एकटी उरणार होते.

तिने नमुना विणला, धुतला, सुकवला, मापला. दर वीतभर कापडाला किती ओळी ते वहीत लिहिले. चाकी तीनवर होती. दुसऱ्या दिवशी ती लोकर आणायला बाजारात गेली, तेव्हा मी चाकी सहावर नेली आणि चाकीवरचा अंक तेलकट कापडाने माखून ठेवला, म्हणजे वाचता येऊ नये. नवी लोकर जरा जाड आहे, अडेलच, असेही तिला सांगून ठेवले.

तिने साठही स्वेटर ओळी मोजून विणले. एक ओळ चुकली नाही. पण मापात एकही बसला नाही. गळ्यातून मुलांची डोकी जाईनात. सगळा गठ्ठा परत आला. दीपाली ओटीवर त्या गठ्ठ्याशेजारी बसून म्हणाली, "आई, माझाच हात जड हाय. वळी तर मी मोजून घातलेल्या." मी म्हटले, "होता गो असा. सोड तो नाद." तिने सोडला. चाकी मी त्याच दिवशी परत तीनवर आणली.

माझ्या बाबतीत जे झाले तेच मी तिच्या बाबतीत केले, आणि दोष तिच्या हातावर ढकलून. आता तोच हात मला रोज अंघोळ घालतो, कूस बदलतो. मला तो सोसवत नाही आणि त्यावाचून हलताही येत नाही. दीपाली, तुझा हात जड नव्हता. मी पापी आहे.

कलम ५. बँकेतली सर्व ठेव आणि माझ्या बांगड्या दीपालीच्या एकटीच्या. उन्मेषची सही वा संमती लागणार नाही. मशीनही तिचे. चालवावे, विकावे, नाही तर विहिरीत टाकावे.

कलम ६. हा कागद मी मेल्यावर उघडू नये. मेल्यावर कळवणे म्हणजे पुन्हा पळून जाणे. साक्षीदारांनी तो आजच दीपालीच्या हाती द्यावा. ती वाचून या घरातून निघाली, तर तिला कुणी अडवू नये. मी बोलावले तरी थांबू नये.

ठिकाण : खेड, जि. रत्नागिरी
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५
सही : सावित्री दत्तात्रेय शिगवण

साक्षीदार : सावित्रीकाकींनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. कागद दुपारी चार वाजता दीपाली यांना ओटीवर दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग उन्मेष यांना फोन लावून म्हणाल्या, "उद्याच्या गाडीन या. आईंजवळ माणूस लागल. मी जातंय." सावित्रीकाकींनी ते आतून ऐकले. त्यांना रडू आले, पण थांब म्हणाल्या नाहीत.

१. सखाराम बाबू चाळके, शेजारी
२. ज्ञानेश्वरी समर्थ महाडिक, शिक्षिका