ओवीच्या नावाची ठेव

१२ जानेवारी
पोस्टातले ओवीच्या खात्याचे पैसे आले. सचिन एकटाच गेला होता. मला म्हणाला, तू नको येऊस. पासबुकावर ‘खाते बंद’ असा शिक्का. घरी आल्यावर पासबुक फ्रिजवर ठेवलं, उभ्या उभ्या पाणी प्यायला आणि म्हणाला, "झालं."
ती तान्ही असल्यापासून भरत होतो. शिक्षणासाठी, लग्नासाठी. ती दुसरीत होती. ऑगस्टमधला तो ताप, आणि मग काही नाही.
हे पैसे घरात वापरायचे नाहीत, हे दोघांनाही न बोलता कळलं. तिच्या शाळेला देऊ, असं सचिन म्हणाला. मी हो म्हटलं. किती, ते ठरलं नाही.

१६ जानेवारी
शाळेत गेलो. गेटमधून आत जाईपर्यंत मी ठीक होते. मधल्या सुट्टीची वेळ होती, ते लक्षात यायला हवं होतं.
ऑफिसातल्या बाई फार चांगल्या बोलल्या. पद्धत समजावून सांगितली. आपण शाळेकडे रक्कम ठेव म्हणून द्यायची, तिच्या व्याजातून दरवर्षी गॅदरिंगला बक्षीस. स्टेजवरून नाव पुकारतात. हॉलमधल्या बोर्डवर पण नाव. छोटी ठेव असेल तर हस्ताक्षर किंवा चित्रकला. वर्गात पहिला नंबर येणाऱ्याला द्यायचं तर मोठी.
सचिन लगेच म्हणाला, "पहिल्या नंबराचंच."
ओवीचा कधी पहिला नंबर आला नाही. प्रगतिपुस्तकावर टीचर लिहायच्या, ‘बोलकी आहे. डबा वेळेत संपवत नाही.’ डबा वेळेत न संपवणाऱ्याला बक्षीस नसतं.

१९ जानेवारी
मलाही असं एक बक्षीस मिळालं होतं. चौथीत, बारवी धरणाकडच्या आमच्या गावच्या शाळेत. स्टीलची खोलगट ताटली, मागे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, ‘कै. कु. शुभदा हिच्या स्मरणार्थ’. आमच्या घरात शाळेत जाणारी मी पहिलीच, त्यामुळे ते वाचूनही मीच दाखवलं. आई म्हणाली, चांगली जाड आहे. तिने वर्षानुवर्षं आमटी झाकली त्या ताटलीने. शुभदा कोण, किती वर्षांची, तिला काय झालं होतं, आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.
तिच्या आईने किती दिले असतील? आणि कसं ठरवलं असेल?

२५ जानेवारी
धाकट्या मल्हारचा अर्ज भरायला गेलो. ज्युनियर केजीचा. त्याच शाळेत घालायचं, हे ओवी असतानाच ठरलेलं. तीच सांगायची सगळ्यांना, "मी याला हाताला धरून नेणार."
आज आम्हाला संस्थेच्या सरांकडे पाठवलं. सर वयस्कर, मृदू. ओवीबद्दल हळहळले. मग म्हणाले, "जागा फार थोड्या आहेत यंदा. एरवी आम्ही पालकांकडून बिल्डिंग फंडाला काही अपेक्षा ठेवतो. पण तुम्ही मुलीच्या नावाने देताच आहात. त्यातच धाकट्याचंही बसवून घेऊ. तुम्हाला दोनदा त्रास नको."
सचिन "थँक्यू सर" म्हणाला. मीही म्हणाले. बाहेर येऊन चपला घालताना काहीतरी खुपत होतं, आणि काय ते मला सांगता येईना.

२६ जानेवारी
आता सांगता येतंय. पण सचिनला सांगितलं तेव्हा नीट आलं नाही.
तो म्हणाला, "अगं, तिचेच पैसे तिच्या भावाच्या कामी आले, तर वाईट काय आहे? तिला आवडलंच असतं."
"आवडलं असतं. पण मग ते तिच्या नावाने दिलेले राहत नाहीत ना. मल्हारच्या सीटचे होतात."
"नाव तर तिचंच लागणार ना बोर्डवर?"
"म्हणूनच."
"कविता, तू प्रत्येक गोष्ट अशी सोलून का बघतेस?"
मी अशीच आहे. दुकानदाराने सुटे जास्त दिले तर स्टेशनवरून परत फिरणारी. ओवी हसायची मला.

३१ जानेवारी
दुकानात (उल्हासनगर, लग्नाच्या कपड्यांचा होलसेल, मी हिशोब बघते) भाभीने विचारलं, तोंड का उतरलंय. भाभी म्हणजे शेठची बायको, गल्ल्यावर तीच बसते. सांगितलं. भाभी खूश झाली. "अरे वा कविता! एक पैसा, दो काम! हमारे सेठ को तो पूरी ज़िंदगी में ऐसा सौदा नहीं मिला."
मी बिलं लावत बसले. मग तिचं तिलाच कळलं असावं. गल्ला बंद करून माझ्याशेजारी येऊन बसली. "बेटा, मेरा वो मतलब नहीं था." तिचा मतलब तोच होता, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं. सौदा चांगलाच आहे.

४ फेब्रुवारी
आईकडे. तिकडे कोणाचाही कागद आला की माझी वाट बघतात, कविता वाचील, कविताला कळतं. म्हणून आईला विचारायचं धाडस होत नव्हतं. विचारलं.
आई तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. "माझ्या नातीचा नाव पाटीवर कशाला लावता गं? त्या पाटीवर मेलेल्यांची नावं असतात."
"आई, अगं, ती..."
"ठाव हाय मला."
पुन्हा पाखडायला लागली. निघताना पिशवीत तांदूळ घातले. नेहमीएवढेच घातले, चौघांचे. मी कमी कर म्हटलं नाही.

९ फेब्रुवारी
आज सचिनवर चिडले, म्हटलं, तुला फक्त ॲडमिशनची पडली आहे. बोलायला नको होतं.
तो बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे काढायला लागला. मग म्हणाला, "कंपनीची बस रोज शाळेवरून जाते. मी त्या बाजूला बसतच नाही आता. मला वाटलं, आत कुठेतरी तिचं नाव असलं, वर्षातून एकदा कोणीतरी माइकवर मोठ्याने घेतलं, तर मला बघता येईल तिकडे."
मला हे माहीतच नव्हतं. एका घरात राहून.
पण मग मल्हार. तो दर गॅदरिंगला खाली बसून ते नाव ऐकणार. कधीतरी त्याला कळणार, आपली जागा कशातून आली. ताईच्या जाण्यातून.
आणि मी अडून बसले नि त्याला शाळाच मिळाली नाही तर? ती काय ओवीची इच्छा असेल?

१४ फेब्रुवारी
मी एकटी ऑफिसात गेले. विचारलं, वेगवेगळं करता येईल का. ओवीच्या नावाने छोटी ठेव, चित्रकलेची वगैरे. आणि मल्हारचं जे काय असेल ते आमच्या पगारातून, हप्त्याने.
बाईंनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, वेगळं केलंत तर दोन्हीकडे कमी पडेल. सर मोठी ठेव धरून चाललेत." मग हळूच, "मी तुमच्या जागी असते तर एवढा विचार केला नसता. आणि खरं सांगू, तुमच्या जागी असण्याचा विचारही करवत नाही मला."
हसून बाहेर आले. रिक्षात रडले. रिक्षावाल्याने गाणं बंद केलं.

२० फेब्रुवारी
मल्हारला बघायला बोलावलं होतं. रंग ओळखले, स्वतःचं नाव सांगितलं. टीचरनी विचारलं, घरी कोण कोण असतं? "मी, मम्मी, पप्पा, आणि ताई फोटोत." टीचर नवीन असाव्यात. "अरे वा," म्हणाल्या.
नंतर ऑफिसात. सचिन कालच म्हणाला होता, आकडा तू सांग, मी काही बोलणार नाही. बाईंनी पावतीपुस्तक उघडलं. एकच पावती. त्यात ‘विद्यार्थ्याचे नाव’ अशी ओळ. बाईंनी मल्हार लिहायला घेतलं. सचिन म्हणाला, "ओवी." बाई थांबल्या. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, आम्ही येतो परत.
सर सोमवारपर्यंत थांबतील, बाई म्हणाल्या. त्यानंतर ॲडमिशनची यादी लागणार.
पायऱ्यांवरही सचिनने आकड्याचं काढलं नाही, शब्द पाळला. मल्हार मधे, एक हात त्याला, एक मला. घसरगुंडीवरून उठवला म्हणून गाल फुगवलेले. शाळा फार आवडली आहे त्याला. रस्ताभर विचारत होता, परत कधी जायचं?
सोमवारी, म्हटलं.