पाय जड झाले तर सांगायचं

३ नोव्हेंबर

कामरगावच्या वैजयंतीला आज घरी सोडलं. परवा बाळंतपणात कळा सोसवेनात म्हणून मी पाठीत भुलीची सुई दिली. सुईतून बारीक नळी, नळीतून आधी जरासं औषध. पाच मिनिटांत पाय जड झाले तर समजायचं, नळी फार आत गेली, मज्जारज्जूच्या पाण्यात. यंत्र हे सांगत नाही, बाई सांगते. म्हणून विचारायचं.

विचारलं. "काही नाही मॅडम," म्हणाली. मोठं औषध भरून घेतलं. तेवढ्यात रीता सिस्टरनं हात धरला — बीपी ऐंशी! पूर्ण औषध गेलं असतं तर श्वास थांबला असता.

आज निघताना विचारलं, खरंच पाय जड नव्हते?

"झाल्ते ना! पार दगड. पन तुमी कामात होत्या. मधात काहून बोलाव?"

४ नोव्हेंबर

उजव्या हाताच्या अंगठ्याला मुंग्या. काही नाही.

९ नोव्हेंबर

इंझोरीची पौर्णिमा तपासायला आली. पहिलटकरीण, दोन आठवडे बाकी. सोबत नवरा अश्वजित आणि सासू रुख्मिणीबाई. पौर्णिमाला सुई हवी आहे. सासूचं म्हणणं — "आमाले चार झाले, कोनी सुई देली?"

चपलेचा पट्टा सुजलेल्या पायात रुतला होता. दुखतंय का?

"नाही."

मीच सोडवला. खाली लालभडक खाच.

"बरं हाये मॅडम."

हीसुद्धा!

घरचा अभ्यास दिला: रोज एक तक्रार. घरच्यांसमोर, मोठ्यानं. अश्वजितनं मला कळवायचं. हसला. मी हसले नाही.

१२ नोव्हेंबर

अश्वजितचा व्हॉट्सॲप. पहिली तक्रार: पंखा जोरात आहे. दुसरी: पंखा बंद केला तर गरम होते.

प्रगती आहे.

१५ नोव्हेंबर

रुख्मिणीबाईंचा फोन. "मॅडम, तुमी सुनेले काय शिकवून राह्यल्या? आज म्हन्ते, वरनात मीठ जास्त हाये!"

होतं का?

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज. मग — "होतं थोडं."

जेवताना विकास म्हणाला, "तुझ्या हातून चमचा का पडतोय सारखा?" लग्नाला एकवीस वर्षं झाली, बारीक लक्ष असतं त्याचं. म्हटलं, काही नाही.

२१ नोव्हेंबर

पौर्णिमा सकाळी नऊला दाखल. दहाला "सुई द्या" — स्वतः म्हणाली.

सुई आत सरकताना अंगठा सिरिंजच्या दट्ट्यावर ठेवायचा. दट्टा अडतो, अडतो, मग एकदम सैल — तीच जागा. सगळा भरवसा अंगठ्याच्या टोकावर. आज सैल झाल्यासारखं वाटलं. नळी घातली. ओढून पाहिलं, मज्जारज्जूच्या पाण्याचा थेंबही आला नाही. जरासं औषध. पाय?

पौर्णिमानं दाराकडे पाहिलं. दारात सासू.

"बोल ना वं! मिठाचं बराबर बोलतं!"

"जड झाले. दोनी. उचलून नाही राह्यले."

मोठी सिरिंज खाली ठेवली. नळी काढली. रडू दिसलं असतं, पण मास्क होता.

औषध उतरल्यावर एक मणका वर, पुन्हा. या वेळी दट्टा डाव्या अंगठ्यानं दाबला. विचारलं. पाय हलले. वीस मिनिटांनी मॉनिटरवर मोठी कळ आली, आणि पौर्णिमा सासूला म्हणाली, "आई, उशी कडक हाये."

रुख्मिणीबाई उशी शोधायला गेल्या.

तीन वाजता मुलगी. जन्मल्या जन्मल्या जोरदार तक्रार.

२२ नोव्हेंबर

उजवा अंगठा ऑगस्टपासून बधिर आहे. कालची सुई खोल गेली ती त्यामुळे. बहुधा वैजयंतीचीही.

आज रीताला सांगितलं — बरा होईपर्यंत माझ्या सुया बंद, अकोल्याहून दुसरे डॉक्टर येतील.

"मॅडम, चार महिने! सांगतलं काहून नाही?"

म्हटलं, तुम्ही सगळे कामात होता.