फाडलेलं पत्र

चिमणे,

समुपदेशक झालीस. आता शाळेत बसू, दवाखान्यात जाऊ की स्वतःची खोली थाटू, असं विचारतेस. शाळेतच बस. का, ते ऐक.

मन मोकळं करायला मी तुझ्याकडे आले, तर म्हणालीस, "आजी, घरच्या माणसांचं समुपदेशन आम्ही करत नाही," आणि मैत्रिणीकडे पाठवलंस. ती तासभर नुसती ऐकत होती. गप्प बसायचा पगार मिळतो, हे मला आधी कुणी सांगितलं नाही! शेवटी तिनं विचारलं, "सुनेला सांगितलंत हे?"

काय ते आता तुलाही सांगते. तू पोटात असताना तुझ्या आईला शाळेत नोकरी लागल्याचं पत्र आलं. पोस्टमननं मला वाचून दाखवलं आणि मी ते फाडून टाकलं. तिची हुकलेली शाळा तुला तरी मिळावी, म्हणून म्हणते, शाळेतच बस.

हे लिहून घेतेय तुझी आईच. तिचा हात थांबला. "पोस्टमन महिन्याभरानं बोलला होता मला," ती म्हणाली.

"राग नाही आला?"

"आला की! अजून येतो कधीकधी. पहिलं वर्षभर तुमच्या चहात साखरच कमी घातली."

आणि मी दुकानदाराला शिव्या देत होते!

आता म्हणते, "हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. पोरगी आली की स्वतःच्या तोंडानं सांगा." सांगेन. आज पहिल्यांदा तिच्यासमोर बसून मला पुरता श्वास घेता येतोय.

हलकी झालेली तुझी,
आजी