चितळाची मादी

समता कॉलनी, रायपूर

तीर्थरूप बाबा,
इरावतीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, डबा वेळेवर खाते. आईचा गुडघा कसा आहे?

काल आमच्या जनावरांच्या दवाखान्यात ठासणीच्या बंदुकीचे छर्रे लागलेली चितळाची मादी आणली. वनरक्षकानं पकडलेला म्हातारा शेतकरीही सोबत होता. "बेटी, बच जाएगी ना? मैं तो खेत से भगा रहा था," तो विचारून राहिला होता. मी "हव" म्हटलं. ती टेबलावरच गेली. पोटात पाडस होतं, तेही नाही वाचलं.

म्हातारा खाली बसून रडला, तेव्हा मले तुम्हीच दिसले.

बाबा, हरणं आपलीही तूर खातात, माहीत आहे. तरी आपली तशीच ठासणीची बंदूक ठाण्यात जमा करून टाका. कुंपण मी घालून देते. तुम्हाले असं रडताना मले पाहवणार नाही.

तुमची लेक,
इरावती