दोन बोटं सोडा

मी, सत्यशीला भिवा खरात, वय ५८, व्यवसाय पूर्वी रक्तवाहिन्यांत घालायच्या नळ्यांची रचना करणे, आता काही नाही, राहणार कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, जि. जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दमदाटी केलेली नाही की आमिष दाखवलेलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, नळी घालून बघावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी नकार दिला. यात प्रायश्चित्त वगैरे काही नाही. मला भीती वाटते.

राधेश्याम वकिलांनी दिलेल्या नमुन्यात ‘वरील मिळकत सोडून’ असे शब्द होते. ते मी खोडले. ‘सोडणे’ हे क्रियापद या कागदात जिथे येईल तिथे त्याचा अर्थ शेजारी लिहीन. वकील म्हणाले, “ताई, कायद्याची भाषाच तशी असते.” असेल. माझं कारण कलम चारमध्ये आहे.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या, मागची पत्र्याची शेड आणि अंगणातला बोअर, हे सर्व मदीहा महेमूद शेख हिला द्यावं. मदीहा माझ्या नात्यातली नाही. तिचे वडील महेमूदचाचा आणि माझे वडील, भिवाआबा, यांनी बावीस वर्षं एकत्र काम केलं. बोअरमध्ये मोटर अडकली की पंचक्रोशीतून या दोघांना बोलावणं यायचं. मदीहा दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन येते. मी तो खाते. कलम चार वाचून तिने घर नाकारलं, तर ते ग्रामपंचायतीने घ्यावं.

कलम २. भाऊ भारत याला कंपनीने निवृत्तीच्या दिवशी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ द्यावं. त्याला वेळेची फार काळजी असते. मी कधी जाते याची चौकशी तो आणि त्याची बायको भावना दोन वर्षांपासून करत आहेत. शेत त्याच्याकडेच आहे. माझ्याकडून हक्कसोडपत्र घेताना त्याने पेढे वाटले होते. (इथे सोडणे म्हणजे बहिणीने गप्प बसणे.) घड्याळ पाच मिनिटं मागे पडतं.

कलम ३. आबांचा लोखंडी आकडा आणि सुती दोर मदीहाने ठेवावा. तो निम्मा चाचांचाच आहे. शेडमधलं रक्तवाहिन्यांचं काचेचं झाड, म्हणजे नळी तपासून बघायचा नमुना, गावातल्या हायस्कूलला द्यावं. याच झाडात मी सव्वीस वर्षं नळ्या फिरवल्या. नळीचं टोक कानाच्या पाळीइतकं मऊ हवं, मधला भाग वळला तरी चेपू नये, आणि हातात बाहेरून जेवढं फिरवू तेवढंच टोक आत फिरावं, एवढ्यासाठी माझं सगळं वय गेलं. झाडाखाली चिठ्ठी लावावी की खऱ्या माणसाच्या आत असं सरळ आणि गुळगुळीत नसतं. आबा म्हणायचे, “सत्ये, भोक कंदीच सरळ नसतंय.” मी ते ऐकलं होतं आणि तरी काचेवर विश्वास ठेवला.

कलम ४. हे कलम कबुलीचं आहे. मेलेल्या माणसाने कबुली द्यायचं कारण काय, असं वकिलांनी विचारलं. जिवंतपणी दिली नाही, हेच कारण.

अडकलेली मोटर ओढताना दोर ताठ झाला, की चाचा आबांना म्हणायचे, “सोड भिवा, दोन बोटं सोड. आता इचार तिला.” दोर दोन बोटं ढिला करायचा, हाताला काय लागतं ते बघायचं, मग पुन्हा ओढायचं. जोर करणाऱ्यांचे दोर तुटले, मोटरी कायमच्या आत राहिल्या. या दोघांची एकही राहिली नाही. माझी नळी याच रीतीवर उभी आहे. टोकाला अडथळा लागला की तो बाहेरच्या बोटांना कळावा, अशी मी ती केली. ते काम चांगलं होतं. हे मी मरताना खोटं बोलणार नाही.

नळी वापरायचं पत्रक इंग्रजीत होतं. डॉक्टरांची नजर पडद्यावर असते, नळीचं मागचं टोक मदतनिसाच्या हातात. आणि जिल्ह्यातल्या मदतनिसांना ते इंग्रजी जड जायचं. मी हौसेने मराठी पत्रक लिहिलं. त्यात लिहिलं, ‘अडलं की जोर करू नका. दोन बोटं सोडा, मग विचारा.’ बापाची भाषा दवाखान्यात नेली म्हणून मी स्वतःवर खूश होते. कंपनीत कौतुक झालं.

आबा आणि चाचा मोटर वर ओढायचे. वर येणारी वस्तू सोडली की मागे जाते. नळी आत जात असते. आत जाणारी वस्तू सोडली की ती आणखी आत जाते. बादली आपण विहिरीत सोडतो, मोटर बोअरमध्ये सोडतो. एवढं साधं मराठी मला कळलं नाही.

जुलै २०१९ मध्ये महेमूदचाचांच्या छातीत दुखलं. एका रुग्णालयात त्यांना टेबलावर घेतलं. नाव लिहीत नाही, चूक त्यांची नव्हती. मदतनीस होती अक्षता पुंजाराम ढवळे, राहणार वाटूर, तेव्हा वय चोवीस. अशा तपासणीत माणूस जागा असतो. नळी अडली. डॉक्टर म्हणाले, “अडलंय, काय ते बघा.” अक्षताने पत्रक पाठ केलेलं होतं. ती पुटपुटली, “दोन बोटं सोडा.” चाचांनी ते ऐकलं. आपलाच शब्द ऐकून ते म्हणाले, “हां, बराबर हाय. सोड बेटी.” तिने नळी दोन बोटं आत सोडली. रक्तवाहिनी फाटली. चाचा टेबलावरच गेले. बाहेर मदीहाने सगळ्यांसमोर अक्षताला तळतळाट दिला, “तेरे हाथ टूटेंगे.”

चौकशीला कंपनीतर्फे मी होते. अक्षता म्हणाली, “पत्रकावर सोडा लिहेल हाय. मी सोडली.” कोणीतरी हसून विचारलं, मराठी येत नाही का. तिने माझ्याकडे बघितलं. मला सगळं त्याच क्षणी कळलं होतं. मी म्हणाले, “पत्रक स्पष्ट आहे.”

तिचं काम गेलं. पुढच्या छपाईत मी ‘दोन बोटं सोडा’ काढून ‘दोन बोटं मागे घ्या’ घातलं आणि कारणाच्या रकान्यात ‘मुद्रणदोष’ असं लिहिलं. दोन्ही पत्रकं लोखंडी कपाटात वरच्या खणात आहेत. चूक सगळी माझी आहे. अक्षताची काडीचीही नाही. हे कलम माझ्या मृत्यूनंतर मदीहाला वाचून दाखवावं आणि रुग्णालयाला पाठवावं, पत्ता वकिलांकडे आहे. मी हे आजही पाठवू शकते. पोस्ट माझ्या घरापासून पाचव्या दारावर आहे. सहा वर्षं मी त्या दारावरून भाजी आणायला जाते.

कलम ५. ~~बँकेतली सर्व ठेव अक्षता ढवळे हिला द्यावी.~~ हे कलम मी आज खोडलं, त्याची हकीकत अशी. अक्षताला मी निरोप पाठवून बोलावलं. ती आता शाळेचे गणवेश शिवते. तिने सगळा कागद उभ्यानेच वाचला. पाणी दिलं, ते घेतलं नाही. राधेश्याम वकील मला सांगत होते की साक्षीदार अजून एकच मिळालाय, आणि ज्याला वाटा द्यायचा त्याला साक्षीदार करू नये. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, “मंग मी साक्षीदार होते.” वकिलांनी तिला ठेवीची आठवण करून दिली. ती म्हणाली, “म्हणूनच म्हणून राह्यले.” मग तिने मोबाइल काढून चौथ्या कलमाचा फोटो घेतला. मदीहाचं घर कुठे आहे ते तिला ठाऊक आहे. मी अडवलं नाही. एवढंच मला जमलं.

ठेव आता कोणाला द्यायची, मला सुचत नाही. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी.

कलम ६. माझ्या मागे बुद्धवंदना घ्यावी, भाषणं नकोत. विशेषतः माझ्या नळीने किती माणसं वाचली हे कोणी सांगू नये. ती माणसं मला माहीत नाहीत. ज्यांना मी ओळखत होते ते एकच, चाचा, आणि लहानपणी मला खांद्यावर बसवून बोअर दाखवायला तेच न्यायचे.

कलम ७. मदीहा आणि अक्षता, तुम्ही मला सोडू नका. या वाक्यात सोडणे म्हणजे माफ करणे. दुसरा अर्थ कोणी काढू नये.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे आणि त्यांनी माझ्या देखत केली आहे.

ठिकाण: कुंभार पिंपळगाव
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

(सही) सत्यशीला भिवा खरात

साक्षीदार १. (सही) भागवत रामराव तौर, निवृत्त शिक्षक, कुंभार पिंपळगाव

साक्षीदार २. (सही) अक्षता पुंजाराम ढवळे, वाटूर. वाचून सही केली. सोडलं न्हाई.